घर विकत घेण्यापूर्वी हीटिंग यंत्रणेची सुरक्षितता कशी पारखावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पसंत पडलेले घर बरेच जुने आहे. तळघरात गॅसवर चालणारी फर्नेस, म्हणजे हवा तापवून झरोक्यांतून खोल्यांत पाठवणारे यंत्र, आहे, तिच्या शेजारी गॅसवरच पाणी तापवणारी टाकी आहे आणि बैठकीच्या खोलीत लाकडाची शेगडी आहे. घरमालकांनी थर्मोस्टॅट फिरवून दाखवला, काही मिनिटांत झरोक्यांतून गरम हवा येऊ लागली, आणि घराची सर्वसाधारण तपासणी करणाऱ्याने अहवालात ‘यंत्रणा चालू स्थितीत आहे’ एवढे एक वाक्य लिहिले. सौदा पक्का करण्यापूर्वी एवढे पुरेसे आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

पुरेसे नाही. झरोक्यातून गरम हवा आली याचा अर्थ इंधन जळते आहे आणि पंखा फिरतो आहे, एवढाच. जळालेल्या वायूंचे पुढे काय होते, याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. आणि सुरक्षिततेचा जवळजवळ सगळा प्रश्न तिथेच आहे. म्हणून मी यंत्रणा उलट्या बाजूने तपासतो: आधी धूर बाहेर जाण्याची वाट, मग ज्वलनासाठी आत येणारी हवा, मग ज्योत, मग सुरक्षेची उपकरणे, आणि खोल्या नीट गरम होतात की नाही हे सर्वांत शेवटी. शेवटची गोष्ट बिघडलेली असेल तर फार तर थंडी वाजते किंवा खर्च वाढतो. पहिल्या चारपैकी एखादी बिघडलेली असेल तर जिवाशी गाठ असते.

मुख्य धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. इंधनाला पुरेशी हवा मिळाली नाही किंवा ज्योत नीट जळली नाही की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ ही त्याची पहिली लक्षणे साध्या आजारपणासारखीच असल्यामुळे घरात राहणाऱ्यांना वर्षानुवर्षे शंकाही येत नाही. ‘आम्ही इतकी वर्षे राहिलो, काही झाले नाही’ हे घरमालकांचे म्हणणे प्रामाणिक असू शकते, पण तो पुरावा नव्हे. घर बदलले की राहण्याची पद्धतही बदलते: दारे अधिक घट्ट बंद केली जातात, स्वयंपाकघरात जास्त ताकदीचा पंखा येतो, तळघरात झोपण्याची खोली होते.

आता धुराची वाट. फर्नेस आणि पाण्याची टाकी यांच्यापासून निघणारा धातूचा नळ धुराड्यापर्यंत डोळ्यांनी पूर्ण पाहा. तो सतत चढता असला पाहिजे, दर मीटरला निदान २ सेंटिमीटर तरी. मध्ये कुठे झोळ पडलेला नसावा, सांधे स्क्रूंनी पक्के असावेत आणि धुराड्यात शिरतो तिथे भोवती फट नसावी. सांध्यांवर पांढरी भुकटी दिसली तर धुरातली वाफ नळातच थंड होऊन पाझरते आहे असे समजावे. गंजाचे पापुद्रे हीच गोष्ट आणखी स्पष्टपणे सांगतात. टाकीच्या डोक्यावर, धूर जिथून नळात शिरतो त्या छत्रीसारख्या टोपणाभोवती काजळी किंवा जळकट डाग आहेत का ते पाहा. तिथेच गरम आणि थंड पाण्याच्या नळांभोवती प्लास्टिकच्या चकत्या असतात. त्या वितळलेल्या किंवा वाकड्या झालेल्या असतील तर गरम धूर वर जाण्याऐवजी बाहेर सांडतो आहे, निदान कधीतरी सांडला आहे, यात शंका नाही. ही खूण पाहायला काहीही उघडावे लागत नाही, आणि तरीही ती बहुतेक जणांच्या नजरेतून सुटते.

आपल्या बाबतीत एक शक्यता मला विशेष वाटते. फर्नेस मधल्या काळात बदलली असेल आणि नवी फर्नेस कंडेन्सिंग प्रकारची असेल, म्हणजे तिचा धूर पांढऱ्या प्लास्टिकच्या नळातून थेट भिंतीबाहेर जात असेल, तर जुन्या धुराड्यात आता फक्त पाण्याच्या टाकीचा धूर उरला आहे. ते धुराडे दोन उपकरणांच्या मापाने बांधलेले होते. मोठ्या पातेल्यात घोटभर चहा ओतला तर तो लगेच निवतो, तसा एवढासा धूर त्या रुंद पोकळीत थंड पडतो. थंड धुराला वर चढण्याचा जोर राहत नाही, वाफेचे पाणी होते, ते आम्लधर्मी असल्यामुळे विटा आणि चुना आतून खाऊन टाकते, आणि ढासळलेला माल खाली साचून वाटच बुजवतो. फर्नेस बदलणाऱ्याने आपले काम चोख केलेले असते, नवी फर्नेस उत्तम चालत असते, आणि धोका तिच्या शेजारच्या टाकीत तयार झालेला असतो. यावर उपाय साधा आहे: धुराड्यात टाकीच्या मापाचा धातूचा अस्तर-नळ घालणे, किंवा बंद ज्वलनाची (जळण्यासाठीची हवा खोलीतून न घेता थेट बाहेरून घेणारी) अथवा विजेवर चालणारी टाकी बसवणे. पण तो कोणीतरी केला आहे का, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.

धूर खरोखर वर जातो की नाही, हे पाहण्याची एक परीक्षा तंत्रज्ञाकडून करवून घ्या आणि ती सुरू असताना स्वतः तिथे उभे राहा. घराच्या सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारे बंद करायची. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातले हवा बाहेर फेकणारे सगळे पंखे आणि कपडे वाळवण्याचे यंत्र एकाच वेळी चालू करायचे. मग आधी लहान उपकरण, म्हणजे पाण्याची टाकी, पेटवायची. पाच मिनिटांनी टोपणाच्या कडेला धुराची कांडी धरली असता तिचा धूर आत ओढला गेला पाहिजे. तो बाहेर ढकलला गेला, किंवा तिथे धरलेल्या आरशावर वाफ साचली, तर घरातले पंखे धुराड्यावर मात करत आहेत. पंखे जेवढी हवा बाहेर फेकतात तेवढी कुठून तरी आत यावीच लागते, आणि घट्ट बंद घरात ती धुराड्यातून उलटी येते. लाकडाची शेगडी पेटलेली असेल तर तीही खोलीतलीच हवा ओढते. त्यामुळे आपल्या घरात ही परीक्षा अधिक काटेकोरपणे व्हायला हवी. थंड धुराड्यात पहिले मिनिटभर थोडा धूर सांडणे हे नैसर्गिक ओढीच्या, म्हणजे पंख्याशिवाय धूर आपोआप वर जाणाऱ्या, उपकरणांत घडते आणि त्याने घाबरून जाऊ नये. पाच मिनिटांनंतरही सांडत राहिला तर मात्र ते उपकरण दुरुस्त होईपर्यंत वापरू नये.

याच्याशीच जोडलेला प्रश्न हवेचा. खोलीतली हवा घेऊन जळणाऱ्या उपकरणांसाठी अमेरिकेतील गॅस संहितेत एक जुना हिशेब आहे: उपकरणाच्या प्रत्येक किलोवॅट क्षमतेमागे किमान ४.८ घनमीटर मोकळी जागा असावी, नाहीतर बाहेरून किंवा शेजारच्या खोल्यांतून हवा येण्याची सोय करावी. फर्नेस आणि टाकी मिळून ३० किलोवॅट धरले तर १४४ घनमीटर, म्हणजे २.४ मीटर उंचीच्या तळघरात ६० चौरस मीटर मोकळी जागा लागते. कोणीतरी नंतर भिंती उभारून या दोघांना कपाटाएवढ्या खोलीत कोंडले असेल आणि दाराला जाळी ठेवली नसेल, तर हा हिशेब कोलमडतो. नव्या घट्ट खिडक्या बसवल्या असतील तर कागदावर पुरेशी ठरणारी जागाही प्रत्यक्षात अपुरी पडू शकते. त्या खोलीत रंग, पातळ करण्याची द्रव्ये किंवा पेट्रोलचे डबे साठवलेले दिसले तर तो वेगळाच धोका आहे. शिवाय घरातली थंड हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या मार्गाचे तोंड किंवा एखादा उघडा सांधा त्याच खोलीत असेल, तर पंखा धुराड्याचा धूर ओढून सगळ्या घरात वाटू शकतो. दुरुस्तीला हे काम किरकोळ आहे, पण तसेच राहिले तर जीवघेणे ठरू शकते.

ज्योतीबद्दल सर्वांनी ऐकलेले असते की निळी ज्योत चांगली आणि पिवळी वाईट. पिवळी, आळसावलेली, काजळी धरणारी ज्योत वाईट हे खरे. पण निळी ज्योत दिसली म्हणून निर्धास्त होता येत नाही. फर्नेसमध्ये ज्योत आणि घरात जाणारी हवा यांच्यामध्ये हीट एक्स्चेंजरचा पातळ पत्रा असतो. वर्षानुवर्षे तापून आणि निवून त्याला वाक असलेल्या जागी आणि जोडांपाशी तडे जातात. पंखा सुरू होण्यापूर्वी ज्योत स्थिर होती आणि पंखा सुरू होताच ती डगमगली किंवा बाहेर झुकली, तर तड्याचा संशय घ्यावा. खात्री मात्र आत कॅमेरा घालून आणि धुराचे विश्लेषण करूनच होते. विश्लेषण म्हणजे धुराच्या नळात सळई घालून कार्बन मोनॉक्साइड, ऑक्सिजन आणि तापमान मोजणे. धुरात मिसळलेली जादा हवा हिशेबातून वजा केल्यावर फर्नेससाठी अमेरिकी मानकांत ४०० पीपीएम (दहा लाख भागांत ४०० भाग) ही कमाल मर्यादा आहे, पण नीट जुळवलेली फर्नेस १०० पीपीएमच्या बरीच खाली राहते, आणि मी त्यालाच कसोटी मानतो. आकड्याइतकेच महत्त्व त्याच्या स्थिरतेला आहे. दहा मिनिटे चालल्यावरही आकडा चढतच राहत असेल, किंवा पंखा सुरू होताच उडी घेत असेल, तर मूळ आकडा कमी असला तरी ती फर्नेस मी चांगली म्हणणार नाही. विश्लेषकातून निघणारी छापील पट्टी मागून घ्या. ज्या तंत्रज्ञाकडे हे उपकरणच नाही त्याचे ‘सगळे ठीक आहे’ हे मत मी विचारात घेत नाही.

यानंतर सुरक्षेची उपकरणे. फर्नेसमध्ये अतितापमान झाल्यास गॅस तोडणारा, ज्योत बाहेर आल्यास गॅस तोडणारा आणि पंख्याच्या कप्प्याचे दार उघडे असल्यास वीज तोडणारा असे वेगवेगळे स्विच असतात. यांपैकी एखादा वारंवार आपोआप बंद पडू लागला की त्याचे कारण शोधण्याऐवजी त्याच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडून तो निकामी करण्याची खोड काहींना असते. दाराच्या स्विचवर चिकटपट्टी लावलेली तर मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पुढचे झाकण काढताच नजर आधी तिकडे जाते. असा तुकडा किंवा पट्टी सापडली तर ती काढून टाकणे हा उपाय नव्हे. तो स्विच का बंद पडत होता, हे कळेपर्यंत ती यंत्रणा असुरक्षितच मानावी.

पाण्याच्या टाकीला, आणि रेडिएटरची व्यवस्था असलेल्या घरात बॉयलरलाही, दाब सोडणारी झडप असते. टाकीवरची झडप सामान्यतः ९९ अंश सेल्सियस किंवा सुमारे १० बार दाबाला उघडते, घरगुती बॉयलरची बहुधा २ ते ३ बार दाबाला. तिचा सोडनळ जमिनीजवळ किंवा मोरीपाशी उघडाच संपला पाहिजे. ठिबक थांबवायची म्हणून नळाच्या तोंडाला कोणी बूच ठोकलेले असेल तर ती टाकी स्फोटाची तयारी करून बसली आहे, आणि घरात दुसरे काहीही न पाहता हे प्रथम सुधारावे. बॉयलरच्या घरात थंड स्थितीत दाब साधारण १ ते १.५ बार असतो. काटा तापल्यावर थेट ३ बारकडे धावत असेल तर प्रसरण टाकीतली (तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या लहान टाकीतली) हवा गेलेली आहे किंवा तिचा पडदा फाटला आहे.

गॅसच्या नळांबाबत थोडक्यात. प्रत्येक उपकरणाजवळ हाताने बंद करता येणारा कॉक असावा, लवचिक जोडनळ भिंतीतून किंवा फर्नेसच्या पत्र्याच्या कडेवरून गेलेला नसावा, आणि सांध्यांची तपासणी साबणाच्या फेसाने किंवा गळतीशोधकाने व्हावी. सगळी उपकरणे बंद ठेवून नळातला दाब ठरावीक वेळ टिकतो का, ही परीक्षा याहून चांगली. पाहणीच्या वेळी आपल्याला गॅसचा वास आला तर तपासणी तिथेच थांबवून बाहेर पडावे. स्विच चालू-बंद करू नयेत. घरात एलपीजी असेल तर तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरात साचून राहतो, नैसर्गिक वायूसारखा वर निघून जात नाही, हे लक्षात ठेवावे.

लाकडाच्या शेगडीची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यासाठी तज्ज्ञही वेगळा लागतो. ओले लाकूड किंवा मंद जाळ यांमुळे धुराड्याच्या आत क्रिओसोट नावाचा काळा, डांबरट थर बसतो आणि तो स्वतःच पेट घेतो. धुराड्यातल्या अशा आगीने भाजलेल्या मातीचे अस्तर तडकते, बाहेरून काहीही दिसत नाही, आणि पुढच्या आगीत ज्वाळा थेट लाकडी वाशांपर्यंत पोहोचू शकतात. याच कारणाने धुराड्यांबाबतचे एनएफपीए २११ हे अमेरिकी मानक घराची मालकी बदलताना दुसऱ्या स्तराची तपासणी मागते, म्हणजे माळा आणि तळघरातून पोहोचता येणारे भाग पाहणे आणि आतून कॅमेरा फिरवणे. आपण कोणत्याही देशात असलात तरी एवढी मागणी योग्यच आहे. शेगडीवर निर्मात्याची पट्टी असेल तर तिच्यावर भिंतीपासून किती अंतर हवे ते छापलेले असते. पट्टीच नसेल तर ज्वलनशील वस्तूंपासून सुमारे ९० सेंटिमीटर अंतर ही सर्वमान्य मर्यादा आहे. शेगडीचा आणि गॅस उपकरणाचा धूर एकाच पोकळीत सोडलेला आढळला तर तो दोष लहान समजू नये.

जुन्या घरांत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. नळांवर किंवा डक्टच्या (हवा खेळवणाऱ्या पत्र्याच्या मार्गाच्या) सांध्यांवर पांढरट, कापडासारखे किंवा पुठ्ठ्यासारखे वेष्टन असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते शाबूत असेल तर तिथेच राहू द्यावे, ओरबाडून पाहू नये. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. दुसरी गोष्ट तेलाच्या टाकीची. आज घरात गॅस असला तरी पूर्वी तेल असू शकते. अंगणात किंवा भिंतीलगत टोपण लावलेले जुने नळ दिसले, किंवा तळघराच्या भिंतीतून तांब्याच्या दोन बारीक नळ्या डोकावून मध्येच कापलेल्या दिसल्या, तर जमिनीखाली पोलादी टाकी असण्याची शक्यता आहे. तिच्या तळाशी साचलेल्या पाण्याने ती आतून गंजते, तेल मातीत मुरते, आणि ती माती काढण्याचा खर्च अनेक ठिकाणी सध्याच्या मालकावर पडतो. माझ्या मते जुनी फर्नेस हे सौदा मोडण्याचे कारण नाही, कारण तिची किंमत ठरवता येते; पुरलेल्या टाकीची किंमत खोदल्याशिवाय कोणालाच ठरवता येत नाही.

विजेवर चालणारी हीटिंग किंवा हीट पंप असता तर ज्वलनाचे हे सगळे प्रश्न उरले नसते. तिथे तारांची क्षमता, जोडांवरचे जळकट डाग आणि विजेच्या पेटीतले ब्रेकर पाहावे लागतात.

घरात सध्या कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असेल तर तो उलटून मागची तारीख वाचा. आतल्या संवेदकाचे आयुष्य साधारण ५ ते १० वर्षे असते आणि त्यानंतर बटण दाबल्यावर वाजणारा अलार्मही वायू ओळखेलच असे नाही. चांगला अलार्मदेखील मुद्दाम उशिरा वाजतो: अमेरिकी मानकानुसार ७० पीपीएमला तो एक ते चार तासांच्या दरम्यान वाजतो आणि ३० पीपीएमला महिनाभर गप्प राहणे अपेक्षित असते. म्हणून पाहणीच्या तासाभरात तो वाजला नाही, या गोष्टीला काही अर्थ नाही. धुराचा अलार्म हा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नव्हे, हेही पाहून घ्यावे.

शेवटी व्यवहाराची बाजू. घराची सर्वसाधारण तपासणी करणारा माणूस सहसा यंत्रणा खोलून पाहत नाही, धुराचे विश्लेषण करत नाही आणि तसे तो अहवालात बारीक अक्षरांत लिहूनही देतो. त्यात त्याची चूक नाही, त्याच्या कामाची मर्यादाच ती आहे. म्हणून परवानाधारक गॅस तंत्रज्ञ आणि धुराड्याचा तज्ज्ञ यांच्याकडून वेगळ्या तपासण्या करवून घ्याव्यात, आणि त्यांच्या निष्कर्षावर सौदा अवलंबून राहील अशी अट विसार देण्यापूर्वीच करारात घालावी. तंत्रज्ञ आपण नेमावा, मालकांनी सुचवलेला नको. आणि शक्य असेल तर ज्याला नवी फर्नेस विकण्यात रस नाही असा नेमावा. मालकांकडून बसवणीची परवानगी, दुरुस्तीच्या पावत्या आणि शेवटच्या वार्षिक तपासणीचा कागद मागावा. फर्नेसच्या पट्टीवरील अनुक्रमांकावरून तिचे वय बहुधा काढता येते. पंधरा-वीस वर्षे झालेली फर्नेस आयुष्याच्या उत्तरार्धात आहे असे धरून किमतीची बोलणी करावीत. घर रिकामे असून गॅस बंद असेल तर तो सुरू करून दिल्याशिवाय तपासणी झाली असे मानू नये.

दोष निघाले तर मालकांनी स्वतः दुरुस्त करून देण्यापेक्षा किंमत कमी करून घेऊन काम आपण करवणे मला बहुतेक वेळा बरे वाटते, कारण घर सोडून जाणारा माणूस स्वस्तात स्वस्त उपाय निवडतो. सांडणारा धूर, तडकलेला हीट एक्स्चेंजर आणि बूच मारलेली झडप हे मात्र याला अपवाद आहेत: ती कामे ताबा घेण्यापूर्वी पूर्ण व्हावीत, दुरुस्तीनंतर पंखे चालू ठेवून करायची ती परीक्षा पुन्हा घेतली जावी, आणि विश्लेषकाची नवी छापील पट्टी आपल्या हातात पडल्यावरच उरलेली रक्कम द्यावी.